नाट्यपदांची भाषा : जुनी की निराळी?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरात संगीत नाटकाच्या अभ्यासास अनुकूल अशी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले (१८८०) त्याच्या सोळा वर्षे आधीचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, म्हणजे देवलांच्या ‘शारदे’हून (१८९९) सहा वर्षांनी वडील. तथापि ग्रंथ हाती असणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ‘सौभद्र’ (१८८२) उघडतो, गद्य संवाद सहज वाचून जातो आणि पद आले की अडखळतो. यावर ‘जुन्या शब्दांची’ अर्थासह यादी पाठ करणे हा रूढ उपाय आहे. तो अपुरा तर आहेच, शिवाय दिशाभूल करणाराही आहे.

पहिली चूक ‘जुने’ या विशेषणातच आहे. एकाच नाटकात, एकाच लेखणीतून, एकाच वर्षी उतरलेले गद्य सुबोध आणि पद्य दुर्बोध वाटत असेल, तर त्या दोहोंमधील अंतर काळाचे नव्हे, भाषाप्रयोगाचे आहे. ‘मज’, ‘तुज’, ‘नच’, ‘वदणे’ ही पुण्याच्या घरांतील १८८२ सालची बोली नव्हती. पंडित कवी आणि कीर्तनकार यांच्याकडून आलेली ती काव्याची राखीव भाषा होती. ती टिकली याला छंदाचेही कारण आहे. ‘मला’ या रूपाच्या मात्रा तीन, ‘मज’च्या दोन, ‘करुनि’, ‘करून’, ‘करोनी’ या एकाच अर्थाच्या रूपांच्या मात्रा अनुक्रमे तीन, चार व पाच. साकीच्या चरणात सोळा आणि बारा मिळून अठ्ठावीस मात्रा, दिंडीच्या चरणात नऊ आणि दहा मिळून एकोणीस. हे माप सांभाळणाऱ्या कवीला अशी पर्यायी रूपे म्हणजे भांडवलच होय. शब्दांच्या यादीत ‘मज म्हणजे मला’ एवढेच कळते. तेथे ‘मज’च का, हे कळत नाही.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो आणि कोशाकडे नेतो. ओळखीचा शब्द थांबवीत नाही. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग व आसक्तीही. आजच्या मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो क्रोध. ‘अपवाद’ म्हणजे निंदा, हा अर्थ आज मुख्यतः ‘लोकापवाद’ या समासात उरला आहे. ‘मान’ हा शब्द तर विशेष लक्षणीय आहे. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) त्याचा अर्थ प्रतिष्ठा; उलट ‘सौभद्रा’त रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत काढतो, त्या प्रसंगामागे संस्कृत काव्यातील ‘मान’ आहे, म्हणजे नायिकेचा प्रणयकोप. हा संकेत ज्याला ठाऊक नाही, त्याला तेथे केवळ घरगुती भांडण दिसते.

तिसरी गोष्ट अलंकारांची. श्लेष, रूपक यांच्या व्याख्या घोकून नाटकातील श्लेष उलगडत नाही, कारण नाटकात अर्थ कोण ऐकतो यावर ठरतो. संस्कृत नाट्यशास्त्राने याच जाणिवेने स्वगत, जनान्तिक आणि अपवारित असे भेद केले. यतिवेषातील अर्जुनाचे वचन बलरामाला वैराग्याचे वाटते. त्याचे खरे रूप जाणणाऱ्या प्रेक्षकाला त्याच वचनात सुभद्रेची ओढ ऐकू येते. येथे द्व्यर्थ केवळ शब्दात नाही, प्रसंगात आहे.

म्हणून अध्यापनाचा क्रम उलटा हवा. पद आधी मोठ्याने म्हणावे व मात्रा मोजाव्यात. मग ते कोण, कोणास उद्देशून म्हणतो आणि कोणाला ते ऐकू जात नाही, हे समासात टिपावे. कोश त्यानंतर उघडावा. ओळखीच्या शब्दांचा अर्थही त्यात एकदा पडताळावा.

या प्रश्नाचे महत्त्व परीक्षेपुरते नाही. नाट्यपदे मैफलींतून आजही गायिली जातात, पण तेथे ती पात्रापासून आणि प्रसंगापासून सुटलेली असतात. सूर गायक सांभाळतील. पद कोणाचे आणि कोणत्या क्षणाचे, याची जाण मात्र वाचकानेच राखावयाची आहे. ती वर्गातही राखली गेली नाही, तर चाली तेवढ्या उरतील आणि नाटक हरवेल.