नासाकोटरशोथाची आनुवंशिकता : तीन संशोधनांचे परीक्षण

नाकाभोवतालच्या अस्थींतील पोकळ्यांचा दीर्घकाळ टिकणारा दाह, ज्यास व्यवहारात नुसते ‘सायनस’ म्हणतात, काहींच्याच वाट्यास का येतो, या प्रश्नाचे उत्तर जनुकांत शोधण्याचे अनेक प्रयत्न गेल्या पंचवीस वर्षांत झाले. त्यांपैकी तीन येथे विचारार्थ घेतले आहेत. आमचा मुख्य आक्षेप प्रारंभीच नमूद करणे बरे. ज्या व्याधीची जनुके शोधावयाची ती एक आहे की अनेक, हे न ठरविताच शोधास आरंभ होतो. लक्षणे बारा आठवडे टिकली की व्याधी दीर्घकालीन, हा निकष दवाखान्यात पुरेसा असेल. जनुकशास्त्रास तो पुरत नाही.

पहिले संशोधन अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील, सन २००० चे. सिस्टिक फायब्रोसिस या रोगात सीएफटीआर जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, श्लेष्मा घट्ट होतो आणि नासाकोटरांचा विकार जवळजवळ ठरलेलाच असतो. मग एकच प्रत सदोष असल्यास काय? १४७ श्वेतवर्णीय रुग्णांपैकी ११ जणांत, तर तुलनेसाठी घेतलेल्या १२३ जणांपैकी केवळ २ जणांत असा दोष आढळला. प्रश्न मार्मिक आहे, यात संशय नाही. परंतु त्या समाजात अशा दोषाचे वाहक पंचविसांत एक या सुमारास असतात. म्हणजे निरोगी गटातही सुमारे पाच वाहक अपेक्षित होते. तफावतीचा काही भाग रुग्णांच्या आधिक्यातून नव्हे, तर निरोगी गटातील योगायोगाच्या उणिवेतून आलेला असू शकतो.

दुसरे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २०१२ चे संशोधन अधिक रम्य आहे. जिभेवर कडू चव ओळखणारा टीएएसटूआर३८ हा ग्राही नाकाच्या अंतस्त्वचेतही असतो. स्यूडोमोनस जंतूंचे परस्परसंकेत त्याला कळताच पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात व पक्ष्माभिकांची हालचाल वाढते. ज्यांचा ग्राही जन्मतः मंद, त्यांच्या पेशींत हा प्रतिसाद क्षीण असतो. यंत्रणा पटण्याजोगी आहे. मात्र पेशीत सिद्ध झालेली यंत्रणा म्हणजे रुग्णांत सिद्ध झालेले कारण नव्हे.

तिसऱ्या संशोधनाचे मोल आम्हांस सर्वाधिक वाटते. आइसलँड व ब्रिटन येथील ४,३६६ नासार्शाचे (पॉलिपचे) आणि ५,६०८ दीर्घकालीन नासाकोटरशोथाचे रुग्ण, व तुलनेस सुमारे सात लक्ष व्यक्ती, असा त्याचा व्याप होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एएलओएक्स१५ जनुकाचा एक विरळ भेद आढळला. तो संबंधित विकर जवळजवळ निष्क्रिय करतो आणि नासार्शापासून संरक्षण देतो. नासार्शाच्या बाबतीत शक्यतांचे गुणोत्तर ०.३२, तर नासाकोटरशोथाच्या बाबतीत ०.६४. एकच भेद, परंतु निदान व्यापक होताच परिणाम निम्म्याने विरळ झाला! मोड असलेला व नसलेला असे दोन प्रकार एकाच नावाखाली मोजले की असेच होणार. लेखकांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. त्यांतून निघणारा अर्थ त्यांनी अधिक ठळकपणे मांडावयास हवा होता.

आपल्याकडे या विषयावर प्रबंध योजणाऱ्यांनी हे आकडे तसेच उचलू नयेत. भारतीय सिस्टिक फायब्रोसिस-रुग्णांत युरोपातील सर्वांत प्रचलित दोषाचे प्रमाण बरेच कमी आहे. तेव्हा त्याच यादीने येथील वाहक मोजणे व्यर्थ. कडू चवीच्या पीटीसी-चाचणीच्या नोंदी मात्र आपल्या मानवशास्त्रज्ञांनी अनेक दशके केल्या आहेत. त्यांचा हेतू लोकसमूहांची तुलना हा होता; नासिकापरीक्षण हा नव्हे. ती चाचणी पुन्हा करावयाची तर दुर्बिणीने नाक पाहून, मोड आहे की नाही हे प्रथम लिहून, मगच चवीचा कागद जिभेवर ठेवावा.