तोड्याची बंदूक आणि जादूगार

मंडळी, माझा नातू म्हणतो, "आजोबा, ड्रॅगनच्या खेळात बंदूक आली की मजाच जाते." ही तक्रार फार जुनी आहे बरं का. आरिओस्तोच्या महाकाव्यात, १५३२च्या आवृत्तीत, ऑर्लांदो शत्रूची बंदूक घेतो आणि खोल समुद्रात टाकून देतो. का? तर तिच्यामुळे भित्राही शूराच्या बरोबरीला येतो.

इतिहासाच्या अंगानं हा आक्षेप टिकत नाही. या खेळांतलं नखशिखान्त पोलादी चिलखत पंधराव्या शतकातलं. तोफा युरोपात त्याच्या आधीच आल्या होत्या. पुढे तर चिलखत करणारे छातीच्या पत्र्यावर गोळी झाडून बघत आणि पडलेला पोचा गिऱ्हाइकाला दाखवत.

'पिलर्स ऑफ इटर्निटी' (२०१५) मला आवडला तो यासाठी. (खेळला नातू, मी नुसता शेजारी बसलो.) त्यात तोड्याच्या जमान्यातली बंदूक आहे. ती भरायला वेळ फार, पण जादूगाराचं मायावी कवच तिची गोळी भेदून जाते. म्हणजे आयुष्यभराची विद्या एका शेतकऱ्याच्या पोरापुढे उघडी पडली! केवढी मोठी गोष्ट ही. आणि खेळ तिचं करतो काय? नातू आरंभी एक बार काढतो, मग बंदूक बाजूला ठेवून तलवार उपसतो. मी पाहिलं तेवढ्यात तरी जादूगारांचा रुबाब तसूभर कमी झालेला दिसला नाही.

मी विचारलं, "अरे, हे जादूगार बंदुकीच्या राज्यात इतके निर्धास्त कसे?" तो म्हणाला, "आजोबा, थांबा, शत्रू आला."