नाव, वस्ती आणि पुरावा : मध्ययुगीन ग्रामवस्त्यांवरून आलेल्या इटालियन स्थलनामांची व आडनावांची चिकित्सा

प्रस्तावना

इटलीच्या नकाशावर कासाले, विल्ला, कोर्ते, पिएवे, रोंको, साला, फारा अशी नावे ठिकठिकाणी आढळतात. कासाली, विल्ला, कोर्ती, रोंकी, साला ही त्याच शब्दांपासून आलेली आडनावे आजही प्रचलित आहेत. मध्ययुगातील खेड्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला या नावांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. सातव्या ते दहाव्या शतकांतील शेतकऱ्याने स्वतःविषयी काही लिहून ठेवलेले नाही. त्याच्यासंबंधी जे लिहिले गेले ते मठांच्या, बिशपांच्या व जमीनदारांच्या दप्तरांत, आणि तेही खंड, वेठ व जमिनीचे वाद यांच्या निमित्ताने. अशा स्थितीत नाव हा शेतकऱ्याच्याच तोंडून आलेला पुरावा वाटतो. विसाव्या शतकात इटलीतील इतिहासलेखनाने या पुराव्यावर काही मोठे सिद्धान्त उभारले व त्यांपैकी काही पुढे टिकले नाहीत.

प्रस्तुत लेखात या पुराव्याच्या स्वरूपाची व मर्यादांची चिकित्सा केली आहे. स्थलनाम वस्तीच्या स्थापनेची साक्ष देत नाही, ते केवळ नामकरणाची साक्ष देते. आणि स्थलनामावरून आलेले आडनाव बहुधा ते स्थळ सोडून गेलेल्यांची साक्ष देते, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नामांची शब्दसंपदा

या नावांमागील शब्द एकाच काळातील नाहीत. सर्वांत जुना थर रोमन जमीनदारीचा. मालकाच्या नावास ‘-आनो’ हा लॅटिन प्रत्यय किंवा उत्तरेत ‘-आगो’ हा केल्टिक मुळाचा प्रत्यय लागून जमिनीचे नाव तयार होई. दुसरा थर लाँगोबार्ड लोकांचा. ते इ. स. ५६८-६९ मध्ये इटलीत आले. ‘साला’ म्हणजे जमीनदाराचे निवासस्थान. ‘गाहागी’ म्हणजे कुंपण घालून राखलेले रान. राजाच्या अशा रानाचा उल्लेख राजा रोथारी याच्या ६४३ च्या कायदेसंहितेत येतो आणि गाज्जो, गात्सो, काफाज्जो ही स्थलनामे त्यापासून आली. ‘ब्रायदा’ म्हणजे गावाबाहेरचे मोकळे शेत. मिलानमधील ‘ब्रेरा’ हा भाग व ब्रेरा, ब्रायदा, ब्रेदा ही आडनावे याच शब्दाची अपत्ये होत.

तिसरा थर चर्च व जमीनदारी यांच्या व्यवस्थेचा. ‘पिएवे’ हे लॅटिन ‘प्लेब्स’चे रूप असून ज्या ग्रामीण चर्चला बाप्तिस्मा देण्याचा अधिकार होता त्याला व त्याच्या क्षेत्राला ही संज्ञा लावली जाई. ‘कोर्ते’ म्हणजे मालकाची खासगी जमीन व कुळांच्या जमिनी यांची मिळून झालेली जहागीर. चौथा थर मध्ययुगाच्या उत्तरार्धातील विस्ताराचा. जंगल तोडून काढलेल्या जमिनीस ‘रोंको’ म्हणत. पोप तेविसावे जॉन यांचे मूळ आडनाव रोंकाल्ली हेही याच शब्दकुलात गणले जाते. नगरराज्यांनी सवलती देऊन वसवलेल्या गावांना ‘विल्लाफ्रांका’, ‘कास्तेलफ्रांको’ अशी नावे मिळाली. वेरोना नगराने ११८५ मध्ये वसवलेले विल्लाफ्रांका हे त्याचे ठळक उदाहरण. येथे नाव व स्थापना यांचा मेळ बसतो, कारण स्थापनेची सनदच उपलब्ध आहे. मात्र असा मेळ नेहमी बसतोच असे गृहीत धरले की अडचणींना आरंभ होतो.

सातत्याचा सिद्धान्त आणि त्याची परीक्षा

जान्दोमेनिको सेर्रा या भाषाशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तर इटलीच्या स्थलनामांच्या आधारे रोमन व रोमनपूर्व ग्रामसमुदाय मध्ययुगातही अखंड टिकून राहिल्याचे प्रतिपादन केले. सेर्राचा व्यासंग मोठा होता व त्याने जमवलेली सामग्री आजही उपयुक्त आहे. तथापि त्याच्या युक्तिवादात एक पायरी सुटलेली दिसते. नाव टिकण्यासाठी गाव टिकावेच लागते असे नाही. शेजारच्या गावांची स्मृती व जमिनीचे दस्तऐवज एवढे त्यासाठी पुरेसे असतात. रोमन मालकाचे नाव धारण करणारी जमीन मधल्या काळात ओस पडून पुन्हा नव्या लोकांनी वसवली, तरी तिचे नाव तेच राहू शकते. म्हणजे नामाच्या सातत्यावरून समुदायाचे सातत्य सिद्ध होत नाही.

लाँगोबार्ड नावांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उपस्थित झाला. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिणाऱ्या पाउलुस दियाकोनुस याने ‘फारा’ या शब्दाचा अर्थ कुळ वा वंशशाखा असा दिला आहे. रोथारीच्या संहितेत स्वतंत्र माणसाने आपल्या ‘फारा’सह स्थलांतर करण्याचा उल्लेख आहे. फारा नोवारेजे, फारा जेरा दाद्दा, फारा इन साबिना ही गावे पाहता प्रत्येक ठिकाणी आक्रमणकाळातील एखादे लाँगोबार्ड कुळ स्थायिक झाले असावे, असे अनुमान मोहक वाटते. जान पिएरो बोन्येत्ती याने अशा नावांना व ‘आरिमान्नी’ या स्वतंत्र लोकांच्या उल्लेखांना एकत्र आणून राजाच्या जमिनीवर वसवलेल्या लष्करी वसाहतींचे चित्र रेखाटले. जोव्हान्नी ताबाक्को याने १९६६ च्या ग्रंथात कागदपत्रांची पुन्हा तपासणी करून या चित्राचा पाया डळमळीत केला. ‘आरिमान्नी’ ही राजाने वसवलेल्या विशेष सैनिकांची जात नसून सार्वजनिक कर्तव्ये असणाऱ्या सामान्य स्वतंत्र लोकांची संज्ञा होती, असे त्याने दाखवून दिले.

अब्रुत्सो प्रदेशातील ‘फारा फिलिओरुम पेत्री’ हे गाव या संदर्भात विशेष बोलके आहे. नावाचा पहिला शब्द लाँगोबार्ड आहे. उरलेला भाग ‘पेत्रुसच्या पुत्रांची’ असा लॅटिन आहे. पेत्रुस हे ख्रिस्ती नाव व लॅटिन षष्ठी यांची ही जोडणी सहाव्या शतकातील आक्रमकांकडे बोट दाखवत नाही. ती एका स्थानिक घराण्याच्या नंतरच्या मालकीकडे निर्देश करते. शब्द भाषेत केव्हा आला, तो त्या जागेला केव्हा चिकटला आणि त्याची पहिली नोंद केव्हा झाली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. शब्द जर्मानिक असला तरी तो इटालियन बोलींत सामान्यनाम म्हणून रुळल्यावर लाँगोबार्ड रक्ताचा संबंध नसलेल्या शेतकऱ्यानेही तो आपल्या रानाला लावला असणे शक्य आहे.

शब्द एक, वस्त्या अनेक

‘कासाले’ हा शब्द या विवेचनात मध्यवर्ती ठरतो. प्येर तूबेर याच्या १९७३ च्या लात्सियोविषयक ग्रंथाने ‘इन्कास्तेल्लामेन्तो’ ही संकल्पना रूढ केली. दहाव्या-अकराव्या शतकांत जमीनदारांनी विखुरलेल्या शेतकऱ्यांना तटबंदीच्या टेकडीगावांत एकत्र आणले, असे त्याचे प्रतिपादन. या चित्रात आरंभीचा कासाले म्हणजे विखुरलेल्या वस्तीचा घटक. पुढे, मध्ययुगाच्या उत्तरार्धात, रोमभोवतीच्या मैदानात कासाले म्हणजे कायमची लोकवस्ती जवळजवळ नसलेली मोठी शेतवाडी. दक्षिण इटली व सिसिलीत कासाले म्हणजे तटबंदी नसलेले खेडे. एकाच शब्दाने विखुरलेली घरे, निर्मनुष्य शेतवाडी आणि भरवस्तीचे गाव असे तीन अर्थ दाखवले जातात. तेव्हा नकाशावर ‘कासाले’ अशा नावांची मोजणी करून वस्तीचा नमुना काढणे म्हणजे शब्द मोजणे होय, गावे मोजणे नव्हे.

‘कास्तेल्लो’ या शब्दाचीही हीच गत आहे. सिएनाजवळील मोन्तार्रेन्ती येथे रिक्कार्दो फ्रांकोविच व रिचर्ड हॉजेस यांनी १९८० च्या दशकात केलेल्या उत्खननात दगडी गढीच्या आधीच टेकडीवर लाकडी झोपड्यांचे गाव असल्याचे आढळले. गढीच्या नावाने ओळखले जाणारे गाव गढीपेक्षा जुने असू शकते. उलट, पो नदीच्या मैदानात गढी बांधली तरी सर्व शेतकरी आत राहावयास गेले नाहीत, हे आल्दो सेत्तिया याच्या १९८४ च्या ग्रंथाने स्पष्ट केले. म्हणजे नाव काही ठिकाणी कमी सांगते, तर काही ठिकाणी अधिक.

सिसिलीत हा प्रश्न अरबी भाषेमुळे आणखी गुंतागुंतीचा होतो. ‘रहल’ म्हणजे खेडे वा वाडी. राकालमुतो, रेगालबुतो या नावांचा आरंभ त्यापासून झाला. ‘कला’ म्हणजे दुर्ग. काल्तानिस्सेत्ता, काल्ताजिरोने, कालाताफिमी ही नावे त्याची आहेत. मराठीतील ‘किल्ला’ हा शब्दही याच अरबी मुळातून आलेला आहे, आणि मराठी मुलखातील किल्ला अरबांनी बांधला असे त्यावरून कोणी म्हणणार नाही. मोन्रेआले मठाच्या ११८२ च्या लॅटिन-अरबी दस्तऐवजात त्याच्या जमिनींच्या सीमा तपशिलाने नोंदवल्या आहेत. पुढे सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीतील मुस्लिमांना मुख्य भूमीवरील लुचेरा येथे हलवले आणि पश्चिम सिसिलीतील अनेक वाड्या तेराव्या शतकात ओस पडल्या. माणसे गेली, घरे पडली. नावे मात्र पुढच्या मालकांच्या जहागिरींना व शेतवाड्यांना चिकटून राहिली. गाव नसताना नाव टिकते याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

आडनाव : सोडलेल्या गावाची खूण

स्थलनामावरून आडनावाकडे वळताना आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. फारामध्ये राहणाऱ्या सर्वांना ‘फाराचा’ म्हणून कोणाचीच ओळख पटणार नाही. अशी ओळख उपयोगी पडते ती माणूस दुसरीकडे गेल्यावर. लिओनार्दोची ‘विन्चीचा’ ही ओळख फ्लॉरेन्स व मिलान येथे अर्थपूर्ण होती. मेरिसी घराण्यातील चित्रकार रोममध्ये ‘काराव्हाज्जो’ ठरला तो घराण्याच्या गावामुळे. मराठीतील ‘-कर’ प्रत्ययान्त आडनावांच्या परिचयामुळे मराठी वाचकास हे तत्त्व समजणे अवघड नाही. सिसिलीत ‘लोम्बार्दो’ हे आडनाव विपुल आहे. नॉर्मन काळात उत्तर इटलीतून तेथे आलेल्या वसाहतकारांचा इतिहास त्याच्यामागे आहे, आणि पियात्सा आर्मेरिना, निकोसिया, सान फ्रातेल्लो येथील बोलींत उत्तरेच्या खुणा अद्याप आढळतात. आडनावांचा नकाशा वस्तीच्या नकाशावर ठेवला तर दोन्ही जुळणार नाहीत. त्यांतील अंतर हाच स्थलांतराचा इतिहास होय.

कालाचा प्रश्न येथेही आहे. फ्लॉरेन्सच्या १४२७ च्या करनोंदणीत सुमारे ६०,००० कुटुंबे नोंदली गेली. तिचा अभ्यास डेव्हिड हर्लिही व क्रिस्तियान क्लापिश-झुबेर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार ग्रामीण भागात बहुसंख्य कुटुंबांना स्थिर आडनाव नव्हतेच; बाप व आजा यांच्या नावांनी ओळख पटवली जाई. ट्रेन्ट परिषदेच्या १५६३ च्या निर्णयानंतर चर्चमधील नोंदवह्या नियमितपणे ठेवल्या जाऊ लागल्या व आडनावे स्थिर होण्यास मदत झाली. त्यामुळे आजचे ‘साला’ हे आडनाव थेट लाँगोबार्ड काळाशी जोडणे म्हणजे मधली आठ-नऊ शतके ओलांडणे होय.

व्युत्पत्तीतही फसगत संभवते. ‘मासी’ हे आडनाव ‘मासो’ म्हणजे कुळाची शेतवाडी यावरून आलेले असू शकते, तसेच ‘तोम्मासो’ या व्यक्तिनामाच्या लघुरूपावरूनही. नामाचा प्रवास उलट दिशेनेही होतो. पिएमोन्तेच्या मैदानात ‘तेत्ती’ म्हणजे छपरे या शब्दापुढे घराण्याचे नाव जोडून वाड्यांची नावे झाली आहेत. तेथे आडनाव आधीचे व स्थलनाम नंतरचे.

नामांतराचे राजकारण

नावे आपोआप टिकत वा बदलत नाहीत, हे आधुनिक काळाने दाखवले. १८६१ च्या एकीकरणानंतर सारख्या नावांची अनेक गावे एका राज्यात आली व पुढील काही वर्षांत शासकीय आदेशाने त्यांना भेददर्शक पुरवण्या जोडल्या गेल्या. फासिस्ट राजवटीत १९२७ मध्ये बोर्गो सान दोन्निनो हे मध्ययुगीन नाव जाऊन फिदेन्त्सा आले, तर जिर्जेन्तीचे आग्रिजेन्तो झाले. मध्ययुगीन नावाला प्राचीन वेष चढवण्याची ही रीत होती.

दक्षिण तिरोलमध्ये याहून कठोर प्रकार घडला. एत्तोरे तोलोमेई याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत जर्मन भाषिक प्रदेशाच्या हजारो नावांची इटालियन रूपे दिली होती, आणि १९२३ मध्ये ती शासनाने अधिकृत केली. काही रूपे जुनी होती, पुष्कळ रूपे घडवलेली होती. या प्रदेशात डोंगरउतारावरील प्रत्येक शेतवाडीला नाव आहे व अनेक घराण्यांची आडनावे त्या नावांवरून आलेली आहेत. त्यामुळे स्थलनामाचा बदल हा कुटुंबाच्या ओळखीवरील आघात ठरला. ‘नाव लॅटिन, म्हणून भूमी आमची’ हा युक्तिवाद आणि ‘नाव लाँगोबार्ड, म्हणून येथे लाँगोबार्ड वसले’ हा युक्तिवाद यांचे तर्कशास्त्र एकच आहे. पहिल्याचे परिणाम जिवंत माणसांना भोगावे लागले, एवढाच फरक.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून स्थलनामे व आडनावे इतिहासास निरुपयोगी ठरत नाहीत. एमिदियो दे फेलिचे याच्या १९७८ च्या आडनावकोशासारख्या ग्रंथांनी जमवलेली सामग्री मोलाचीच आहे. परंतु नावाकडून पुरावा मागताना शब्दाचा काळ, नामकरणाचा काळ व नोंदीचा काळ स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत. शब्दाचा त्या प्रदेशातील त्या शतकाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. आणि उत्खनन व दस्तऐवज यांची साक्ष नावाच्या साक्षीशी ताडून पाहिली पाहिजे. आडनावाच्या बाबतीत ‘कोठून आले’ या प्रश्नाबरोबर ‘कोणी, कोठे व का हे नाव दिले’ हा प्रश्नही विचारला पाहिजे. भाषाशास्त्रज्ञाने मुळाचा निर्णय द्यावा, इतिहासकाराने काळाचा, पुरातत्त्वज्ञाने जागेचा. या तिघांपैकी एकानेच उरलेल्या दोघांचे काम केले की ज्या शेतकऱ्याचा शोध घ्यावयाचा तो बाजूला राहतो आणि त्याच्या जागी अभ्यासकाच्या पसंतीचा पूर्वज उभा राहतो.