कॅमेरा कुठे ठेवायचा?

पहिला लघुपट किंवा पहिला सिनेमा करायला निघालेल्या मराठी मंडळींची चर्चा हल्ली फार लवकर कॅमेऱ्यावर येते. सेन्सर कुठला, किती के, लेन्स कुठल्या, दिवसाचं भाडं किती. पटकथेचा दुसरा खर्डा व्हायचा असतो, पण ड्रोन ठरलेला असतो. याचा परिणाम पडद्यावर दिसतो. गावाची गोष्ट आकाशातून सुरू होते, मग चेहरा लख्ख आणि मागचं सगळं धूसर, आणि त्या धूसरपणात जागाच हरवते. हे घर कोल्हापूरकडचं की विदर्भातलं, कळायला मार्ग नसतो. चित्र देखणं असतं, प्रसंग मात्र उभा राहत नाही. यंत्रांना दोष देता येणार नाही, कारण इतकी चांगली यंत्रं इतक्या कमी पैशांत पूर्वी कधी मिळत नव्हती. प्रसंग कसा पाहायचा याची तालीमच कमी पडते आहे, आणि भारी कॅमेरा भाड्याने आणून ती भरून निघणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मधला (2013) डुक्कर पकडण्याचा प्रसंग बारकाईने पाहावा. नायक जब्याचं कुटुंब धावून धावून डुकराला घेरत आणतं, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे होते तिथे ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र थांबत नाही, ते आरामात निसटून जातं. यात कॅमेऱ्याकडून मागितलेलं काम अगदी साधं आहे. प्रसंग तोलला आहे तो गीत नेमकं कधी सुरू होतं, कोण कुठे थबकतं आणि ते थबकणं किती लांबतं यावर. याच जागी कोणी स्लो मोशन घातलं असतं किंवा डोळ्यांचे क्लोजअप लावले असते, तर सगळा अर्थ सांडून गेला असता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) छायाचित्रकार मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर राहतो. कोणाकडे पाहायचं हे प्रेक्षकाने ठरवायचं. उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं, माणसं निघून जातात, एकेक दिवा मालवला जातो, आणि खोली काळोखी झाल्यावरही चित्र तुटत नाही. त्या काळोखात आपल्या मनात तुरुंगातला आरोपी नारायण कांबळे येतो. काळोख टिपायला महागडा सेन्सर लागत नाही, तो तितका वेळ पडद्यावर ठेवायला धैर्य लागतं. व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं ते या शिस्तीच्या सिनेमाला.

यावर रास्त आक्षेप येतो: साधनांशिवाय काही चित्रं शक्यच नसतात. खरं आहे. स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’मध्ये (1975) मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले, ते नासासाठी बनवलेली झाइसची एफ 0.7 लेन्स हाती आली म्हणूनच. पण त्या लेन्सने दिलेला फोकसचा पट्टा इतका चिंचोळा होता की नट थोडा पुढे झुकला तरी चेहरा विरघळावा. म्हणून माणसं टेबलाभोवती बसवली, हालचाली आवरल्या, आणि अठराव्या शतकातल्या चित्रांसारखी ती बैठक सिनेमाची शैली झाली. लेन्सने अडचण निर्माण केली, तिचा उपयोग करून घेतला तो दिग्दर्शकाने. आपल्याकडे सुब्रत मित्र ‘पथेर पांचाली’साठी छायाचित्रकार म्हणून उभे राहिले तेव्हा विशीत होते आणि त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. ‘अपराजितो’च्या (1956) वेळी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला गेला. अशा चौकात वरच्या मोकळ्या आभाळातून उतरणारा, सावल्या न पाडणारा उजेड असतो, आणि स्टुडिओतले दिवे नेमके उलट वागतात. सुब्रत मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत खालून त्यावर टाकून परतवला. आजही आपल्या सेटवर थर्माकोलची पाटी धरून हेच केलं जातं. कापडाची किंमत नगण्य, पण बनारसचा उजेड कसा पडतो हे आधी पाहून ठेवलेलं असावं लागतं. बाबूराव पेंटरांनी तर कोल्हापुरात कॅमेराच स्वतः घडवला. म्हणून यंत्राला तुच्छ लेखणाऱ्यांच्या बाजूनेही मी बोलत नाही. यंत्र आतून ओळखणं हाही कौशल्याचाच भाग आहे.

डिजिटल काळाने हा वाद जवळपास निकालात काढला आहे. रॉजर डीकिन्स यांनी ‘स्कायफॉल’ (2012) आरीच्या अलेक्सावर 2.8के मध्ये चित्रित केला आणि तो आयमॅक्सच्या पडद्यावर गेला. आज खिशातला फोन 4के म्हणून मिरवतो. शॉन बेकरने ‘टँजरीन’ (2015) आयफोन 5एसवर केला, पण फोनला अॅनामॉर्फिक जोडभिंग होतं आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांची जाण होती. फोन हाती आला की सिनेमा होतो, एवढाच धडा त्यातून घेणारे फसतात. ‘द क्रिएटर’ (2023) हा तर सुमारे 8 कोटी डॉलरचा सिनेमा, आणि कॅमेरा सोनीचा एफएक्स3, किंमत चार हजार डॉलरच्या आसपास. पैसा कॅमेऱ्यात न घालता आशियातल्या खऱ्या ठिकाणांवर आणि दृश्यपरिणामांवर घातला गेला.

राहतो तो बाजाराचा आक्षेप. नेटफ्लिक्ससारखे प्लॅटफॉर्म स्वतःच्या निर्मितीसाठी मान्य कॅमेऱ्यांची यादी देतात आणि 4के सेन्सर मागतात; त्या निकषावर ‘स्कायफॉल’चा अलेक्सा बसत नव्हता. माल विकायचा तर ती अट पाळावीच लागेल, पण विक्रीची अट म्हणजे गुणवत्तेची मोजपट्टी नव्हे. आणि ज्याचा पहिला सिनेमा अजून कोणी विकत घेतलेलाच नाही, त्याने त्या अटीपायी ध्वनिमुद्रकाचे पैसे कापावेत हे तर अगदीच उफराटं. थोडं धूसर चित्र प्रेक्षक सोसतो, न कळणारा संवाद सोसत नाही. कमी पैशांच्या मराठी सिनेमात छायाचित्रकार आणि ध्वनिमुद्रक या दोघांनाही शूटिंगच्या आधी लोकेशनवर चार-पाच पगारी दिवस मिळाले पाहिजेत, आणि त्यासाठी कॅमेरा एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी घ्यावा. ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं, पत्रा वाऱ्याने केव्हा वाजतो, शेजारची गिरणी कधी बंद होते, आणि उंबऱ्यात बसणाऱ्या बाईसमोर कॅमेरा अंगणात ठेवायचा की घरात, हे त्या दिवसांतच ठरतं.