यथार्थता : चाचणीची की अर्थाची?

इंग्रजी ‘व्हॅलिडिटी’साठी मराठी पाठ्यपुस्तकांत तीन शब्द नांदतात : वैधता, सप्रमाणता आणि यथार्थता. व्याख्या मात्र तिन्हींखाली एकच छापलेली असते. जे मोजायचे म्हणून चाचणी रचली, तेच ती मोजत असेल तर ती यथार्थ. ही व्याख्या ट्रुमन केली यांच्या १९२७च्या मांडणीतून चालत आली आहे. मी मानसशास्त्राचा रीतसर विद्यार्थी कधीच नव्हतो. ग्रंथालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून हाती येईल ते वाचत गेलो. त्यामुळे असेल, पण या तीन शब्दांतला फरक मला किरकोळ वाटत नाही. ‘वैध’ हा कायद्याचा शब्द. तिकीट वैध असते, मृत्युपत्र वैध असते. ‘ही चाचणी वैध आहे’ म्हटले की एकदा शिक्का बसला आणि प्रश्न मिटला, असा समज होतो. ‘यथार्थ’मध्ये मात्र ‘अर्थ’ बसलेला आहे, आणि खरा वाद अर्थाचाच आहे.

तो वाद १९५५ साली ली क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी ऐरणीवर आणला. वजनकाटा तपासायला प्रमाणित वजन मिळते. बुद्धीची चाचणी तपासायला पारड्यात काय ठेवणार? शाळेचे गुण? ते पुरेसे असते तर चाचणी काढलीच कशाला? त्यांचे म्हणणे असे की, अशा अदृश्य गुणधर्माबद्दल आधी सिद्धान्त हवा, आणि त्या सिद्धान्ताने वर्तवलेले संबंध प्रत्यक्षात दिसतात का, हे पुन:पुन्हा तपासावे लागते. सॅम्युएल मेसिक १९८९ मध्ये आणखी पुढे गेले. गुणांवरून आपण जो निष्कर्ष काढतो आणि त्यावर जी कृती करतो, तिला पुराव्याचा आधार किती, हा यथार्थतेचा प्रश्न. डेनी बोर्सबूम व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याला विरोध केला : मोजायची गोष्ट अस्तित्वात असेल आणि तिच्यातल्या फरकामुळे गुण बदलत असतील तर चाचणी यथार्थ, बाकी फापटपसारा. ही सुटसुटीत मांडणी मोह पाडते. पण चाचणीचा कागद हातात घेऊन दवाखान्यात बसलेल्या आईबापांना ती उपयोगाची नाही, असे माझे मत आहे. त्यांच्यापुढे प्रश्न वापराचाच असतो.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सिमाँ यांच्यासह पहिली श्रेणी रचली, ती पॅरिसच्या शाळांतली वेगळ्या शिकवणीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची अमेरिकी आवृत्ती केली. त्या आवृत्तीवरून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी चाचणी बसवली. नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत, प्रश्न इथल्या मुलांवर पारखून घेतले. साधनांची एवढी टंचाई असताना हे काम झाले, याचा आदर वाटतो. त्यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती १९६७ची. बिने-कामत चाचणी त्यानंतरही अनेक दशके आपल्या रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत चालत राहिली.

इथे अडचण सुरू होते. बुद्ध्यांक ही कुणाची उंची नव्हे. ती रांगेतली जागा आहे, आणि रांग ज्या मुलांची लावली ती मुले कोण व कधीची, यावर तिचा अर्थ ठरतो. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले की अमेरिकेत दर दशकाला सरासरी गुण सुमारे तीनने चढत गेले आहेत. हा वेग इथे जसाच्या तसा लावू नये. पण साक्षरता, शाळा, आहार बदलले, तेव्हा धारवाडची जुनी रांग आजच्या मुलासाठी सैल पडली असेल असेच मानावे लागते. सैल रांगेत मूल वर सरकते. ज्याला खरोखर आधाराची गरज आहे, त्याचा आकडा ७०च्या वर जातो.

आता कायद्याकडे पाहा. केंद्राच्या २००१च्या, २०१८पर्यंत लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यांक ५० ते ६९ म्हणजे ५० टक्के अपंगत्व होते, तर ७० ते ७९ म्हणजे २५ टक्के. सवलती मिळायला किमान ४० टक्के लागतात. म्हणजे ६९ आणि ७० या दोन आकड्यांमध्ये तेव्हा प्रमाणपत्राची अख्खी भिंत उभी होती. कुठल्याही बुद्धिचाचणीत चार-पाच गुणांची चूकभूल गृहीतच असते. तिच्याविषयी अहवालात एक ओळही नसेल, तर तिथे आकडा मोजला गेला आहे, अर्थ कुणीच तपासलेला नाही. अमेरिकेत ‘लॅरी पी.’ खटल्यात १९७९ साली न्यायमूर्ती पेकम यांनी कृष्णवर्णीय मुलांना मंदगती वर्गांत घालण्यासाठी बुद्धिचाचण्या वापरणे बेकायदा ठरवले. चाचणी छापणे, विकणे याला कुणी हात लावला नाही; एका विशिष्ट वापराला पुरावा नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. मेसिक यांचा ग्रंथप्रपंच येण्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट!

बुद्ध्यांकाऐवजी रोजचे वर्तन मोजा, असे यावर सुचवले जाते, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी आपल्याकडे चालते ती व्हाइनलँड श्रेणी, नागपुरात ए. जे. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी रुळवलेली. मूळ श्रेणी एडगर डॉल यांची, १९३५ची. तिच्यात दहाव्या वर्षाच्या आसपास दोन गोष्टी अपेक्षित आहेत : मूल अधूनमधून छोटी पत्रे लिहिते, आणि स्वतः दूरध्वनी करते. आज चार वर्षांचे मूल आजीला व्हिडिओ कॉल लावते आणि पंधराव्या वर्षीही पोस्टकार्ड पाहिलेले नसते. म्हणून पत्राच्या ओळीवर मुलाचा गुण कापायचा असेल, तर त्या कापलेल्या गुणाने मुलाविषयी नेमके काय कळले, हे परीक्षकाने आधी ठरवावे आणि मग बेरीज करावी.