संग्रहालयात मुलांना इमारत कशी दाखवावी?

मागच्या व्याख्यानात आपण अवकाश या संकल्पनेविषयी बोललो. आज तोच विषय मुलांच्या बाजूनं पाहू.

काही वर्षांपूर्वी नातीच्या शाळेच्या सहलीबरोबर मी एका संग्रहालयात गेलो होतो. मुंबईबाहेरचं होतं, नाव घेत नाही. इमारत जुनी, देखणी. मुलांना छापील कागद दिले होते. कमानीचं चित्र, पुढे रिकामी जागा, नाव लिहा. घुमट, सज्जा, झरोका. मुलं कागदाकडे बघत होती. डोक्यावरच्या कमानीकडे कुणीच नाही. तेवढ्यात एका मुलानं विचारलं, "बाई, या हॉलमध्ये किती जण झोपतील?" सगळे हसले. बाई म्हणाल्या, "फालतू प्रश्न नको."

माझं म्हणणं असं, की त्या दिवशी वास्तुकलेविषयी विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढा एकच होता.

का, ते सांगतो. कांटचा १७६८ सालचा एक छोटा निबंध आहे. डावा आणि उजवा हात घ्या. मापं तीच, बोटांची आपापसातली मांडणी तीच. तरी उजवा हातमोजा डाव्या हातात जात नाही. हा फरक नुसत्या वर्णनानं सांगता येत नाही, आपल्या शरीराच्या बाजू ठाऊक असाव्या लागतात. पुढे १९४८ मध्ये पियाजे आणि इनहेल्डर यांनी मांडलं, की मुलाला आत-बाहेर, जवळ-लांब आधी कळतं. लांबी आणि कोन नंतर. त्यांच्यावर टीका झाली, ती काही अंशी योग्यही आहे. पण मुलगा जागा अंथरुणांनी मोजतो, तेव्हा तो शरीरापासूनच सुरुवात करतो. आपण मात्र सुरुवात शब्दकोशापासून करतो.

आता मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. (आमच्या पिढीच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्सच येतं.) जॉर्ज विटेटची ही इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण संग्रहालय खुलं झालं १९२२ मध्ये. मधल्या काळात, महायुद्धात, तिथं लष्करी रुग्णालय होतं. म्हणजे "इथं किती जण झोपतील" हा प्रश्न त्या इमारतीनं खरोखर सोडवलेला आहे!

दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. ही स्टेशनं मुंबईच्या मुलांना पाठ असतात. दोन्ही दगडांचे रंग त्यांना ओळखू द्या. आतल्या कठड्यासाठी नाशिकच्या एका वाड्यातलं लाकडी कमानकाम वापरलंय. वाड्यातली वस्तू इतक्या उंच दालनात कशी वाटते, ते त्यांनाच सांगू द्या. घुमटाखालच्या कमानींची कल्पना विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेली. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसतो कसा? जमिनीवर दोरीनं चौरस करा, त्यावर तेवढाच दुसरा, पंचेचाळीस अंशांत फिरवून. मध्ये अष्टकोन उमटतो, म्हणजे आपण वर्तुळाच्या जवळ आलो. विजापूरच्या एकमेकींना छेदणाऱ्या कमानी हेच करतात. याला दहा मिनिटं आणि दोन दोऱ्या पुरतात.

या संग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण सगळीकडेच एक धोका असतो: मुलांना वेगळी जागा दिली, की मुख्य इमारत मोठ्यांचीच राहते.

कुणी म्हणेल, मग नावं शिकवायचीच नाहीत का? शिकवा की! पण आधी मूल कमानीखालून दोनदा चालून येऊ दे. आणि मूर्तींना, चित्रांना हात लावू नये हेही मान्य. पण जमिनीवर बसायला, पावलांनी दालन मोजायला कुणाची हरकत असावी?

यात सौंदर्यदृष्टीपुरताच प्रश्न नाही. ही मुलं उद्या याच शहरांत राहणार आहेत. गल्लीतलं मैदान जाईल, फूटपाथ अरुंद होईल, घराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडेल. इमारत म्हणजे नावांची यादी असं ज्याला शिकवलं, त्याला आपलं काय गेलं हे सांगता येणार नाही. इथं माणसं कशी राहतील, हे विचारणारा मुलगा ते सांगू शकला असता. त्याला आपण गप्प केलं.

तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती, की पहिली पंधरा मिनिटं कागद वाटू नका. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि फालतू वाटले तरी विचारा.