दोघांनी पाहावयाचे जुने विनोदपट

विनोदी चित्रपट पाहणे ही गोष्ट एके काळी समुदायाने करावयाची होती. आता ती बहुधा घरी, एका खोलीत, दोघांनी करावयाची झाली आहे. चित्रपटगृहात जाणारास निवड फारशी नसे. गावात जो खेळ लागला असेल तो पाहावयाचा, आणि न आवडल्यास नशिबाला बोल लावून घरी परतावयाचे. आता पूर्वीचे शेकडो बोलपट, मूकपटसुद्धा, घरबसल्या हाताशी आले आहेत आणि निवडीचा भार सर्वस्वी पाहणारांवर पडला आहे. रात्रीची जेवणे आटोपून, मागचे आवरून नवराबायको पडद्यासमोर बसतात; हे नको, ते नको, असे करण्यात एक तास सरतो; आणि अखेरीस जे लावले जाते ते दोघांपैकी एकाच्या हट्टाने लागलेले असते. अशा वेळी रसिकतेचा काही उपयोग होण्यासारखा आहे की काय, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

निवडीची जी मापे सर्रास वापरली जातात ती दोन: कीर्ती आणि आठवण. ‘हा चित्रपट सर्वांना आवडला होता, तेव्हा आपल्यालाही आवडेल,’ हे पहिले माप. ‘हा मी लहानपणी पाहिला तेव्हा पोट दुखेपर्यंत हसलो होतो,’ हे दुसरे. दुसऱ्याचा फोलपणा उघड आहे. एकाच्या बालपणात दुसऱ्याने पाहुणा म्हणून जाऊन बसावयाचे, आणि यजमानाचे मन राखण्यासाठी योग्य त्या ठिकाणी हसावयाचे, यात दोघांचीही फसवणूक होते. पहिल्या मापातील दोष मात्र सहज ध्यानात येत नाही, म्हणून तो थोडा उलगडून सांगितला पाहिजे.

विनोदाची गती ही प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून असते. मार्क्स बंधूंनी ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९३५) या चित्रपटातील प्रवेश चित्रीकरणापूर्वी रंगभूमीवर गावोगाव करून पाहिले, आणि कोणत्या वाक्यास लोक किती वेळ हसतात हे मोजून त्याप्रमाणे पुढील वाक्यापूर्वी जागा सोडली. बिली वाइल्डर यांच्या ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) मध्ये स्त्रीवेष घेतलेला जॅक लेमन आपला विवाह ठरल्याची वार्ता सांगतो, त्या प्रसंगी त्याच्या हातात खुळखुळे दिलेले आहेत. दोन वाक्यांच्या मध्ये तो ते वाजवितो, ते प्रेक्षकांच्या हशात पुढील वाक्य बुडून जाऊ नये म्हणून. ही योजना भरलेल्या चित्रपटगृहासाठी होती. त्याच जागा दोघांच्या खोलीत रिकाम्या राहतात, आणि ज्या चित्रपटाच्या तडफदारपणाची ख्याती ऐकलेली असते तो मधून मधून थबकल्यासारखा वाटू लागतो. वाइल्डर यांचे खुळखुळे स्वतःच हास्यकारक असल्यामुळे तो प्रसंग घरीही तरून जातो. पण प्रत्येकास असे खुळखुळे सुचलेले नाहीत.

आपल्याकडेही हेच आढळेल. मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’ची (१९३८) कथा आचार्य अत्रे यांची. ब्रह्मचर्याची शपथ घेणाऱ्या औदुंबराची त्यात केलेली फजिती आजही खुमासदार वाटते. परंतु अत्रे यांची लेखणी रंगभूमीवर तयार झालेली होती, आणि त्यांचे वाक्य नाट्यगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा बेताने फेकलेले असते. असा चित्रपट घरात पाहावयाचा असेल तर चार पाहुणे बोलावून पाहावा. दोघांत तो पाहणे म्हणजे पंक्तीचा स्वयंपाक दोन पानांवर वाढण्यासारखे आहे. पदार्थ चांगले असतात, पण जेवण रंगत नाही.

भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. त्यांतील पहिले दोन त्यांनी उत्तम प्रकृतीच्या पात्रांस दिले आणि शेवटले दोन अधम प्रकृतीच्या. ही वर्गवारी कुलशीलाची म्हणून आज कोणी मानणार नाही. परंतु ती जागेची म्हणून मानण्यास हरकत नसावी. अतिहसितास समुदाय लागतो. दोघांच्या सहवासात स्मित आणि हसित हीच दीर्घकाळ टिकतात, कारण ती दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत पाहत करता येतात. म्हणून दोघांसाठी निवड करताना पहिली कसोटी ही: या विनोदास गर्दीची गरज आहे काय?

दुसरी कसोटी अधिक नाजूक आहे. हसू कोणावर येते? हजार लोकांत कोणाची थट्टा झाली तर ती हजारांत वाटली जाते. दोघांच्या खोलीत बायकांच्या बुद्धीची थट्टा झाली तर तेथे तिचा वाटा घेणारी बाई एकच असते. नवरा मोठ्याने हसतो, आणि आपण एकटेच हसत आहोत हे त्याच्या लक्षात येईपर्यंत चित्रपट पुढे गेलेला असतो. दोन घटका करमणुकीसाठी घेतलेली वस्तू अशा रीतीने घरात किल्मिष ठेवून जाते, आणि त्या किल्मिषाचे कारण कोणी बोलून दाखवीत नाही. कारण ‘साध्या विनोदावर रागावणारी’ ही पदवी कोणास नको असते.

उदाहरणार्थ, गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) घ्या. ओ. पी. नय्यर यांचे संगीत, मधुबालेचे खट्याळ रूप, जॉनी वॉकर यांची लगबग, अब्रार अल्वी यांचे चुरचुरीत संवाद, इतके गुण एका विनोदपटात क्वचितच एकत्र आले असतील. कथा अशी की, ठरावीक मुदतीत विवाह केला तरच अनितेस वडिलांची संपत्ती मिळावयाची असते. तिची आत्या सीतादेवी पुरुषद्वेष्टी व घटस्फोटाच्या हक्काची कैवारी. ती एका बेकार व्यंगचित्रकारास पैसे देऊन नावापुरता नवरा म्हणून उभा करते आणि मागाहून घटस्फोट घेण्याचे ठरविते. ललिता पवार यांनी ही आत्या रंगविली आहे. आता ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी हिंदू विवाहाचा कायदा संमत होऊन हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा मार्ग देशभर खुला झाला. मुंबई प्रांतात तर तसा कायदा १९४७ सालीच झाला होता. ज्या हक्कावाचून कित्येक स्त्रियांनी आयुष्ये कंठली, तो हक्क येथे श्रीमंत बायकांचे एक फॅड म्हणून दाखविला आहे, आणि त्यास उत्तर म्हणून घरकामात सुख मानणारी नायकाची भावजय पुढे आणली आहे. हास्याचा सारा रोख एका बाजूस आहे. सीतादेवीच्या तोंडी एकही असे वाक्य दिलेले नाही की जे ऐकून प्रेक्षकाने क्षणभर विचारात पडावे.

मग हा चित्रपट घरात आणूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. लग्नास दहा वर्षे झालेल्या, एकमेकांशी मोकळेपणाने भांडू शकणाऱ्या जोडप्याने तो अवश्य पाहावा, आणि मधेच थांबवून भांडावेही. घरच्या पडद्याची हीच तर सोय आहे. परंतु ज्यांस दिवसभराच्या कामानंतर दोन घटका एकत्र हसावयाचे आहे, त्यांच्यासाठी तो नव्हे. त्यांच्यासाठी आम्ही तीन चित्रपट सुचवितो. तिन्हींचा विषय योगायोगाने एकच आहे: दोघांना लागणारी जागा.

पहिला बस्टर कीटन यांचा ‘वन वीक’ (१९२०). हा दोन रिळांचा मूकपट जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. तेव्हा निवडीत एक तास घालविणारांनीही तो पाहावा. नवविवाहित जोडप्यास घराचे सुटे भाग पेट्यांत भरून आहेर मिळतात. क्रमांकाप्रमाणे ते जुळविले की घर तयार व्हावयाचे. वधूने नाकारलेला एक गृहस्थ पेट्यांवरील क्रमांक बदलून ठेवतो, आणि उभे राहते ते घर पाहून कोणीही चक्रावून जावे. वादळात ते भोवऱ्यासारखे फिरते. पुढे ते चुकीच्या जागेवर बांधले असल्याचे कळून ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकते. एक गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. दोघे सुटकेचा श्वास टाकतात, तोच उलट दिशेने दुसरी येऊन घराचा चक्काचूर करते. येथे पत्नी (सिबिल सीली) केवळ शोभेसाठी नाही. तीही खपते, तीही फसते. आणि शेवटी ‘विकणे आहे’ अशी पाटी त्या ढिगाऱ्यावर लावून, सोबत जुळणीच्या सूचना ठेवून, दोघे हातात हात घालून चालू लागतात. घर गेले, संसार राहिला, हे एकही शब्द न उच्चारता सांगितले आहे.

दुसरा फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४). उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, नट, नटी व पटकथा अशी ऑस्करची पाचही प्रमुख पारितोषिके त्यास मिळाली. बापाच्या तावडीतून निसटलेली लक्षाधीशाची कन्या आणि नोकरी गमावलेला वार्ताहर बसने प्रवास करतात. रात्री एकाच खोलीत राहण्याची पाळी येते, तेव्हा तो दोन खाटांमध्ये दोरी बांधून तिच्यावर कांबळे टाकतो आणि त्यास बायबलातील यरीहोच्या तटाचे नाव देतो. या चित्रपटात हसू दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले आहे. जगाचे सारे ज्ञान आपल्यास आहे असे मानणारा नायक रस्त्यावरची मोटार थांबविण्याची शास्त्रोक्त पद्धत तिला शिकवू जातो. एकही मोटार थांबत नाही, आणि ती मात्र आपल्या युक्तीने पहिलीच गाडी थांबविते. त्याहून मार्मिक प्रसंग गुप्त पोलिसांचा. आपण नवराबायको आहोत अशी त्यांची खातरी पटविण्यासाठी ही दोघे एकमेकांवर खेकसू लागतात, आणि पोलीस निःशंक होऊन निघून जातात. लग्नाचा याहून सबळ पुरावा कोणत्याही न्यायालयात दाखल झाला नसेल! हा प्रसंग विवाहितांनी एकत्र पाहावा. दोघेही एकाच क्षणी हसतील, आणि कोण कोणास हसले हे विचारण्याचे कारण पडणार नाही. ज्यांच्या कानास इंग्रजी संवाद जड जातात त्यांस याच कथेवरून घेतलेला, अनंत ठाकूर यांनी दिग्दर्शित केलेला, राज कपूर व नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) पाहता येईल.

तिसरा चित्रपट आपल्या घरचा. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) वरून बासू चटर्जी यांनी ‘पिया का घर’ (१९७२) काढला. ऐसपैस घरात वाढलेली मुलगी लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते. माणसे पुष्कळ, जागा थोडी; नवदांपत्याची निजण्याची सोय स्वयंपाकघरात. दोघांना दोन शब्द एकान्तात बोलावयाचे म्हटले तरी कोणी तरी येते, कशाचा तरी आवाज होतो. काप्रा यांच्या चित्रपटात अविवाहितांना मध्ये पडदा हवा असतो. येथे विवाहितांना भोवती पडदा हवा असतो, आणि तो मिळत नाही. या कथेत खलपुरुष नाही. सासू खाष्ट नाही, सासरे दुष्ट नाहीत; सर्वांचे प्रेम आहे आणि त्या प्रेमाचीच अडचण होत आहे. बासू चटर्जी यांचा विनोद हलक्या आवाजात बोलतो, म्हणून दोघांच्या खोलीत त्याचे एकही वाक्य वाया जात नाही.

त्याच्या शेवटाविषयी मात्र आमचे समाधान झालेले नाही. मुलगी माहेरी जावयास निघते, तेव्हा घरातील एकेक माणूस तिच्या सोयीसाठी स्वतः घर सोडण्याची तयारी दाखविते. त्या मायेने ती विरघळते आणि राहते. डोळे पाणावतात हे खरे. पण खोली एक वीतभरही वाढलेली नसते, आणि जुळवून घेण्याचा भार जिच्यावर होता तिच्यावरच राहतो. कीटन यांची जोडी मोडके घर टाकून दोघांनी मिळून निघते. काप्रा यांचा तट दोघांच्या संमतीने पडतो. येथे मात्र एकीने माघार घ्यावयाची आणि सर्वांनी तिचे कौतुक करावयाचे. असे असूनही आम्ही हा चित्रपट यादीत ठेवितो, कारण तो त्या मुलीच्या गुदमरण्याची थट्टा करीत नाही. तिची तक्रार खरी आहे हे त्याला पुरते ठाऊक आहे. ज्या चित्रपटास तक्रार समजलेली आहे त्याचे उत्तर पटले नाही तरी त्याच्याशी बोलणे होऊ शकते. ज्यास तक्रारच हास्यास्पद वाटते त्याच्याशी होत नाही.

विनोदाची अशी पारख करीत बसल्यास हसू पळून जाईल, असा आक्षेप कोणी घेतील. पारख निवडीच्या वेळी करावयाची आहे, पाहताना नव्हे. आंबे घेताना आपण हुंगून, दाबून घेतो. खाताना तसे करीत नाही, आणि हुंगून घेतले म्हणून त्यांची गोडी कमी होत नाही. दोघांपैकी एकाने आज निवडावे, दुसऱ्याने उद्या; आणि निवडणाराने स्वतःच्या आवडीबरोबर एवढेच मनाशी विचारावे की, यातील कोणत्या ठिकाणी माझ्या शेजारी बसलेल्या माणसास हसू येणार नाही? उत्तर चटकन सुचले तर चित्रपट बदलावा. मुळीच सुचले नाही, तर चित्रपटापेक्षा त्या माणसाशीच अधिक ओळख करून घेण्याची वेळ आली आहे, असे समजावे.